ब्लॉगवरून धंदा उभा करायचाय? मग परत येणारा वाचक मिळवा

ब्लॉग सुरू केला की बहुतेक जण दिवसातून दहा वेळा एकच आकडा बघतात, आज किती लोक आले. मला विचाराल तर पहिलं वर्षभर त्या आकड्याकडे बघायचीच गरज नाही. बघायचं काय, तर आलेल्यातलं कोण परत आलं. पहिल्यांदा येणारा माणूस गूगलवरून एक अडचण घेऊन येतो, उत्तर मिळालं की टॅब बंद करून निघून जातो, त्याच्या तुमचं नावसुद्धा लक्षात राहत नाही, आणि त्यात त्याची काही चूकही नाही. पण तोच माणूस तिसऱ्या-चौथ्या वेळी तुमच्याकडे आला, आणि यावेळी शोधत शोधत नाही तर सरळ तुमच्याकडेच आला, की मग त्याच्याशी धंद्याचं बोलता येतं. त्याआधी विकायला गेलात तर हात हलवत परत यावं लागतं.

खाली जे काही सांगतोय ते या एकाच गोष्टीसाठी आहे. उदाहरणही एकच धरून चालू म्हणजे गोंधळ नको. समजा तुम्हाला शिलाई मशीनमधलं चांगलं कळतं, छोटीमोठी दुरुस्ती येते, शिवता येतं, आणि पुढेमागे ऑनलाइन कोर्स किंवा कपड्यांचे पॅटर्न असं काहीतरी विकायचंय. तुमचा विषय दुसरा असेल, हरकत नाही, पद्धत तीच राहते.

आधी माणूस ठरवा

नुसतं "शिलाई" म्हटलं तर त्यात बटण लावण्यापासून कारखान्यातल्या मशीनपर्यंत सगळं येतं, आणि सगळ्यांसाठी लिहायला गेलं की कोणालाच ते आपल्यासाठी लिहिलंय असं वाटत नाही. त्यापेक्षा एक माणूस डोळ्यासमोर आणा. घरात जुनं मशीन पडून आहे, ते चालू करायचंय, दोन-चार व्हिडिओ बघून प्रयत्न केलाय पण सारखं काहीतरी अडतंय, आणि आता वैताग आलाय. बास, हा आपला माणूस.

आता कागद घ्या आणि या माणसाला पडणारे ३० प्रश्न लिहा, न थांबता. दहा-बारावर अडलात तर एकतर माणूस नीट डोळ्यासमोर आला नाही किंवा त्याच्याशी तुमचं फारसं बोलणं होत नाही, दोन्हीवर उपाय एकच, जाऊन बोला. ओळखीतल्या लोकांना विचारा, शिलाईच्या व्हिडिओंखाली लोक काय विचारतात ते वाचा, गूगलच्या शोधखिडकीत अर्धं वाक्य टाइप करून खाली काय सुचवतोय ते बघा. आणि प्रश्न लिहिताना त्यांच्याच शब्दात लिहा, हे फार महत्त्वाचं आहे. वैतागलेला माणूस "अप्पर थ्रेड टेन्शन" असं कधीच शोधत नाही, तो टाइप करतो "मशीन खाली दोरा गोळा होतो". तुमच्या लेखाचं नाव तेच असायला हवं.

लोक विचारतात पण धंदेवाले उत्तर द्यायला टाळतात असे प्रश्न तर सोन्यासारखे. अमेरिकेत व्हर्जिनियामध्ये रिव्हर पूल्स नावाची स्विमिंग पूल बसवणारी कंपनी आहे, २००८ च्या मंदीत ती बुडायला आली होती. तिचे भागीदार मार्कस शेरिडन यांनी काय केलं, तर गिऱ्हाईक जे जे विचारतात ते सगळं वेबसाइटवर लिहायला घेतलं, पूलला खर्च किती येतो, फायबरग्लासच्या पूलमध्ये काय त्रास होतो, सगळं. त्या धंद्यात खर्चाबद्दल उघड बोलायची पद्धत नव्हती, म्हणून शोधणारा माणूस त्यांच्याच पानावर येऊन थांबायचा. कंपनी त्यातून सावरली. मला यात सगळ्यात आवडतं ते हे की त्यांनी आपल्या मालातले तोटेसुद्धा लिहिले. ज्याने तोटा सांगितला त्याने सांगितलेला फायदा लोक खरा मानतात.

एक लेख जवळून बघू

वरचाच प्रश्न घ्या, मशीनखाली दोऱ्याचा गोळा होतो. बहुतेक लेख असे सुरू होतात की शिलाई मशीन हे आजच्या काळात अत्यंत उपयुक्त साधन आहे वगैरे वगैरे. ज्याच्या मशीनमध्ये आत्ता कापड अडकलंय त्याला हे वाचायचं नाहीये. लेखाची सुरुवात अशी हवी:

"खाली गोळा होतोय ना, मग बॉबिनला हात लावू नका, दोष बहुतेक वेळा वरच्या दोऱ्यात असतो. फूट वर उचला, वरचा दोरा पूर्ण काढून टाका आणि पहिल्यापासून परत ओवा."

(बॉबिन म्हणजे खालच्या दोऱ्याची छोटी रीळ, फूट म्हणजे कापड दाबून धरणारा मशीनचा पाय.) तीन ओळीत उत्तर मिळालं. तुम्ही म्हणाल मग तो निघूनच जाईल की. नाही जात, कारण आता त्याला कारण हवं असतं. गोळा खाली दिसतोय आणि हा सांगतोय वर बघ, असं कसं? मग खाली समजवा की फूट खाली असताना टेन्शनच्या चकत्या, म्हणजे वरचा दोरा ताणून धरणाऱ्या, दाबलेल्या असतात, तेव्हा दोरा ओवला तर तो चकत्यांच्या मध्ये बसतच नाही, वरून नुसता मोकळा सुटत राहतो आणि तो सगळा जास्तीचा दोरा कापडाखाली जाऊन साठतो. म्हणून ओवताना फूट वर. हे कळलं की त्या माणसाला पुन्हा कधी ही अडचण येणार नाही, आणि तुमच्याबद्दल त्याचं मत बनतं की याला खरंच माहितीये. या मतासाठीच तर आपण लिहितोय.

मग स्वतःच्या मशीनचे फोटो टाका, चुकीचा ओवलेला दोरा कसा दिसतो आणि बरोबर कसा दिसतो, दोन्ही. नेटवरून उचललेला चकचकीत फोटो इथे काही कामाचा नाही. आणि लेखाच्या शेवटी "धन्यवाद, शेअर करा" लिहून थांबू नका, त्या माणसाला पुढची अडचण कुठली येणार ते तुम्हाला माहिती असतं. गोळा थांबला की तो शिवायला बसेल आणि मग मशीन मध्येच टाके सोडायला लागेल, बहुतेक सुई वाकडी किंवा बोथट झाली असेल नाहीतर ताणणाऱ्या कापडाला साधी सुई लावली असेल. तर तिथेच त्या लेखाची लिंक द्या. असे पहिले दहा-पंधरा लेख सगळे एकाच माणसाच्या अडचणींभोवती, एकातून दुसऱ्यात जाणारे लिहिले की वाचक एक पान बघून पळत नाही. वेगवेगळ्या विषयावरचे पन्नास लेख याच्यापुढे फिके.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगतो. नुसती व्याख्या सांगणारे, "अमुक म्हणजे काय" छापाचे लेख लिहिण्यात आता फारसा अर्थ राहिलेला नाही. मे २०२४ पासून गूगलने आधी अमेरिकेत आणि मग हळूहळू बाकी देशात शोधाच्या निकालांवरच एआयने बनवलेलं उत्तर दाखवायला सुरुवात केली, म्हणजे साध्या प्रश्नाचं उत्तर वाचायला माणूस तुमच्या पानावर येतच नाही. टिकेल ते हाताने केलेलं काम, कुठला स्क्रू झिजला होता, कुठला उपाय करून बघितला आणि तो का फसला, कशाला किती वेळ लागला. हे लिहायला वेळ जातो म्हणूनच कमी लोक लिहितात. आठवड्याला एकच लेख जमला तरी चालेल पण तो असा हवा.

तांत्रिक बाजू थोडक्यात. शीर्षक साठेक अक्षरांच्या आत ठेवा नाहीतर शोधात अर्धवट कापलं जातं. फोटो लहान करून टाका, गूगलच्या मापाने पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसायला हवा. डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, स्वतःच्या नावावर घ्या, बनवून देणाऱ्याच्या नावावर नको, आणि मुदत संपायच्या आत आपोआप रिन्यू होईल असं ठेवा. स्वतःच्या होस्टिंगवर (साइट ठेवायची सर्व्हरवरची जागा) वर्डप्रेस हे ब्लॉग चालवायचं सॉफ्टवेअर टाकलं की सुरुवातीला तेवढं पुरतं, २००३ पासून ते आहे, अडलं तर मदत कुठेही मिळते. थीम आणि लोगोमध्ये महिना घालवू नका.

पहिले शंभर वाचक

हे गूगलवरून येणार नाहीत. नव्या साइटला शोधात वर यायला महिने जातात आणि तेवढ्यात बरेच जण कंटाळून सोडून देतात. पहिले शंभर लोक तुम्हाला जाऊन आणावे लागतात, एकेक करून. जिथे लोक आपली अडचण विचारतायत तिथे जा, ग्रुप असो, प्रश्नोत्तराची साइट असो, व्हिडिओखालच्या कमेंट असोत, आणि तिथेच पूर्ण उत्तर द्या. अर्धं उत्तर देऊन "बाकीचं माझ्या ब्लॉगवर वाचा" हे करू नका, लोकांना त्याची चीड येते आणि ग्रुपमधूनही काढतात. पूर्ण उत्तर द्या, फोटोंसकट बघायचं असेल तर लेख इथे आहे म्हणून एक ओळ टाका, आणि तीही सगळीकडे नको. दुसरा मार्ग म्हणजे त्याच वाचकासाठी पण वेगळ्या गोष्टीवर लिहिणारं कोणी असेल, समजा कापडांबद्दल लिहिणारं, तर त्यांच्यासाठी एक लेख लिहून द्या. स्वतःच्या ब्लॉगसाठी ठेवला असता असा चांगला लेख द्या, उरलंसुरलं नको.

सोशल मीडिया एकच निवडा. पाच ठिकाणी थोडं थोडं करण्यात सगळा जीव जातो आणि हाती काही लागत नाही. आणि जिथे कुठे असाल तिथे हे डोक्यात पक्कं ठेवा की ती जागा भाड्याची आहे. गूगल रीडरवर लोक रोज ब्लॉग वाचायचे, १ जुलै २०१३ ला ते बंद झालं. व्हाइन या छोट्या व्हिडिओंच्या ॲपवर लाखो फॉलोअर असलेले लोक होते, जानेवारी २०१७ मध्ये ते गेलं. गूगलचं स्वतःचं सोशल मीडिया, गूगल प्लस, एप्रिल २०१९ मध्ये गेलं. फॉलोअर तिथेच राहिले, कोणाला सोबत घेऊन येता आले नाहीत.

ईमेल यादी, खरा धंदा इथे आहे

एवढ्याचसाठी ईमेल. ज्याने स्वतःहून पत्ता दिला तो माणूस तुमच्याकडे राहतो, उद्या मेल पाठवायची सेवा बदलली तरी यादी उचलून दुसरीकडे नेता येते. यादी पहिल्या लेखाच्या दिवसापासून सुरू करा, "आधी ट्रॅफिक येऊदे मग बघू" असं म्हणून वर्ष वाया घालवलेले लोक खूप आहेत.

पण "आमच्या न्यूजलेटरला सबस्क्राईब करा" याला आता कोणी पत्ता देत नाही. मेल कोणाला हवेत, आधीच ढीग पडलाय. त्या माणसाला तिथल्या तिथे उपयोगी पडेल असं काहीतरी द्या. आपल्या उदाहरणात एक पानाची यादी, "मशीन बिघडलं की दुकानात न्यायच्या आधी या ७ गोष्टी बघा", छापून मशीनशेजारी चिकटवता येईल अशी. ८० पानांचं ई-बुक नको, ते कोणी उघडत नाही. आणि फॉर्म कुठे ठेवायचा, तर लेखात उत्तर संपल्यावर लगेच, जिथे वाचणाऱ्याला हायसं वाटलेलं असतं. पान उघडल्या उघडल्या अंगावर येणारी खिडकी मला स्वतःला अजिबात पटत नाही, अजून माणसाने एक ओळ वाचलेली नाही आणि आपण पत्ता मागतोय.

मग पहिला मेल. हा यादीतला सगळ्यात जास्त वाचला जाणारा मेल असतो आणि लोक तो आपोआप जाणाऱ्या ठरावीक मजकुरावर सोडून देतात, "आपले स्वागत आहे, लिंक खाली दिली आहे". त्याऐवजी साधं लिहा:

"यादी सोबत जोडली आहे. त्यातला ३ नंबर आधी करून बघा, निम्म्या अडचणी तिथेच सुटतात. आणि एक विचारायचं होतं, तुमचं मशीन सध्या नेमकं कुठे अडतंय? या मेललाच उत्तर द्या, मी स्वतः वाचतो."

आणि खरंच वाचा, खरंच उत्तर द्या, यादीत हजारभर लोक होईपर्यंत तरी प्रत्येकाला. याला वेळ लागतो, मान्य आहे, पण कुठल्याही कोर्समध्ये मिळणार नाही अशी माहिती या उत्तरांमध्ये असते. एक फाइल करा, लोकांची वाक्यं जशीच्या तशी त्यात चिकटवत जा, तारीख टाकून. पुढचे लेख यातून निघतात, आणि विकायचं काय तेही यातूनच निघतं. शिवाय ज्याला तुम्ही दोन ओळींचं का होईना उत्तर दिलंत तो माणूस तुमचा पुढचा मेल उघडतोच.

पुढे आठवड्याला एक मेल, ठरलेल्या दिवशी. प्रत्येक मेलमध्ये एकच उपयोगी गोष्ट. मेल पोचावा म्हणून थोडी तांत्रिक मेहनत एकदाच करावी लागते, ती टाळू नका. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने नियम कडक केलेत, पाठवणारा खरा आहे हे सिद्ध करणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या नोंदी डोमेनला लावायला हव्यात, मोठ्या संख्येने पाठवणाऱ्यांना एका क्लिकमध्ये बाहेर पडायची सोय द्यावी लागते, आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवाव्या लागतात, म्हणजे हजार मेलमागे तीन तक्रारी झाल्या तरी गडबड. म्हणून साध्या जीमेलच्या पत्त्यावरून यादीला मेल पाठवू नका, स्वतःच्या डोमेनवरून पाठवा. विकत मिळणाऱ्या पत्त्यांच्या याद्यांच्या तर जवळपासही जाऊ नका, त्या लोकांनी तुम्हाला बोलावलेलं नाही. बाहेर पडायची लिंक लपवूही नका, ज्याला जायचंय त्याला जाऊ द्या, नाहीतर तो स्पॅमचं बटण दाबतो आणि त्याचा त्रास बाकी सगळ्यांना पोचणाऱ्या मेलला होतो.

किती जणांनी उघडला या आकड्यावर विसंबू नका. सप्टेंबर २०२१ पासून ॲपलच्या मेल ॲपमध्ये अशी सोय आहे की ती चालू असली तर माणसाने मेल उघडला नाही तरी उघडल्याची नोंद होते. त्यापेक्षा लिंकवर किती जणांनी क्लिक केलं आणि किती जणांनी उत्तर दिलं ते बघा. सहा महिने ज्यांनी काहीच केलं नाही त्यांना एकदा विचारा, राहायचंय का, आणि उत्तर नाही आलं तर काढून टाका. यादी लहान झालेली बघून वाईट वाटतं पण तशी यादीच कामाची.

तीन महिन्यांनी मागे वळून बघा

गूगल सर्च कन्सोल, म्हणजे तुमची पानं गूगलच्या शोधात कशी दिसतात ते सांगणारी सोय, पहिल्या दिवशीच जोडून ठेवा, फुकट आहे आणि १६ महिन्यांपर्यंतचा हिशोब दाखवतं. तीन-चार महिने झाले की त्यात असे शब्द शोधा ज्यांच्यासाठी तुमचं पान दिसतंय खूप पण क्लिक कमी, शोधाच्या निकालात जागा साधारण ८ ते २० च्या मध्ये. म्हणजे गूगलला तुमचं पान बरं वाटतंय पण पुरेसं नाही. ते शब्द घेऊन जुना लेख उघडा आणि बघा, या प्रश्नाचं उत्तर खरंच दिलंय का आपण? बऱ्याचदा उत्तर एखाद्या परिच्छेदात कोपऱ्यात दडलेलं असतं. ते वर आणा, फोटो वाढवा, शीर्षक त्यांच्या शब्दात करा. नवीन लेख लिहिण्यापेक्षा या कामाचं फळ लवकर मिळतं, पण नवीन लिहिण्यात जी मजा आहे ती यात नाही म्हणून लोक करत नाहीत.

विकायला कधी घ्यायचं

वाचकांच्या उत्तरांच्या त्या फाइलमध्ये एकच गोष्ट वेगवेगळ्या लोकांनी पुन्हा पुन्हा लिहिलेली दिसायला लागली की वेळ आली. यात नवीन काही नाही. थर्टीसेव्हन सिग्नल्स ही वेब डिझाइन करणारी छोटी कंपनी १९९९ पासून ब्लॉग लिहीत होती, २००४ मध्ये त्यांनी बेसकॅम्प हे टीमचं काम सांभाळायचं सॉफ्टवेअर काढलं तेव्हा ते सांगायला ब्लॉगचे वाचक आधीच जमलेले होते. इंटू द ग्लॉस हा सौंदर्यावरचा ब्लॉग एमिली वाइस यांनी २०१० मध्ये सुरू केला आणि ग्लॉसियर ही सौंदर्यप्रसाधनांची कंपनी आली २०१४ मध्ये, तीही फक्त चार वस्तू घेऊन. पुढे चेहरा धुवायची वस्तू काढायच्या आधी त्यांनी ब्लॉगवर वाचकांनाच विचारलं की तुम्हाला ती कशी हवी. चार वर्षं ऐकून मग विकलं, हा क्रम बघा.

तुम्हाला चार वर्षं थांबायची गरज नाही पण क्रम तोच ठेवा. मोठा कोर्स बनवून मग गिऱ्हाईक शोधू नका. आधी यादीला एक मेल पाठवा, "जुनं मशीन स्वतः साफ करून चालू करायचं, चार आठवडे, मोजक्या दहा जणांसोबत, लाइव्ह शिकवणार आहे, अमुक एवढी फी, कोणाला यायचंय?" पैसे आधी घ्या, आणि पुरेसे लोक आले नाहीत तर सगळ्यांचे सगळे पैसे परत करायचे हे त्याच मेलमध्ये लिहा. "छान कल्पना आहे" म्हणणारे खूप भेटतात, त्यांना मोजू नका, पैसे भरले त्यांना मोजा. दहा जण आले तर शिकवता शिकवता कळतं लोक नेमके कुठे अडकतात, आणि त्यावरून रेकॉर्ड केलेला कोर्स बनवला की तो पहिल्या झटक्यातच बरा होतो.

जाहिराती सगळ्यात शेवटी ठेवा, वाचक लाखांत असतील तरच त्यातून काही हातात येतं आणि पान मात्र लगेच जड होतं. दुसऱ्यांची वस्तू सुचवून कमिशन घेणं चालेल, पण स्वतः वापरलेली असेल तरच, आणि कमिशन मिळतं हे लिंकच्या शेजारीच लिहा. एकदा का वाचकाला वाटलं की हा कमिशनसाठी सांगतोय, की आधीचे सगळे लेख तो त्याच नजरेने बघायला लागतो.

आणि ज्यांनी पहिल्यांदा पैसे भरले त्या प्रत्येकाला आठवड्याभरात एक मेल टाका, त्यात दोनच प्रश्न विचारा, घ्यायचं कशामुळे ठरवलं आणि घेताना मन कशामुळे कचरत होतं. दुसऱ्या प्रश्नाची उत्तरं जास्त नीट वाचा. "मला वाटलं माझं मशीन फारच जुनं आहे, त्याला हे लागू होणार नाही" असं तीन जणांनी लिहिलं तर विक्रीच्या पानावर सगळ्यात वर, त्यांची परवानगी घेऊन, त्यांच्याच शब्दात ही शंका टाका आणि खाली सरळ उत्तर द्या, कुठली मशीन चालतील आणि कुठली नाही चालणार, नावं घेऊन.